‘दोन मिनिटांत रिफ्लेक्टर गायब’ म्हणे!

निपाणीपासून खानापूरपर्यंत गाडीवाल्यांच्या मोबाइलवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: गाडीवर चिकटवलेले रिफ्लेक्टर काढायला गॅरेजवाल्याला पैसे कशाला देता? पेट्रोल ओता, ब्लेडनं उचला, उरलेला गोंद थिनरनं पुसा, वरून टूथपेस्ट घासा, झाली गाडी नव्यासारखी. शेवटी कायद्याचं ज्ञानही आहे: रिफ्लेक्टर कंपनी उगाच लावते, केए पासिंगला त्याची गरज नाही, पकडतात ते फक्त महाराष्ट्रात.

मी हसून सोडून दिलं असतं. पण गेल्या रविवारी अनगोळचा भाचा गाडी घेऊन दारात उभा. “मामा, हे काय झालंय बघा की.” पुढचं मडगार्ड मॅट काळं, आणि त्याच्या उजव्या अंगाला पुरीएवढा गोल चकचकीत डाग. डागाच्या कडेला तीन बारीक ओरखडे, त्यातल्या एकात तर खालचं राखाडी प्रायमर दिसत होतं. मेसेजमधली एकही पायरी पोरानं चुकवली नव्हती. म्हणून एकेक पायरी धरूनच बोलू.

“पेट्रोल ओतलं की गोंद सुटतो.” गोंद असेल तिथं पेट्रोल पोचलं तर ना! हे रिफ्लेक्टर साध्या डिंकावर बसवलेले नसतात. मागं दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची पट्टी असते, एक-दीड मिलिमीटर जाड. वरून ओतलेलं पेट्रोल कडेनं ओघळतं आणि आत झिरपायच्या आधी उडून जातं. मग आणखी ओतायचं, आणखी उडायचं. तेवढ्या वेळात ते आजूबाजूच्या स्टिकरच्या कडा मात्र उचलतं, आणि रिफ्लेक्टरच्या पारदर्शक प्लास्टिकवर बारीक तडे आणू शकतं. धोका वेगळाच. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही दिवशी, कुठल्याही अंगणात, शेजारी कोणी विडी पेटवली तरी पुरे. रॉकेलला त्यासाठी निदान पस्तीस-चाळीस अंश तापावं लागतं. ते हळू उडतं, त्यामुळं गोंद भिजवायला वेळही देतं. घरात जुनं बाटलीभर असेल तर शेवटच्या पुसण्याला तेच बरं.

“ब्लेडनं अलगद उचला.” काचेवर उचला हवं तर. रंगावर नको. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक लेप साधारण ३० ते ५० मायक्रॉन असतो. झेरॉक्सचा कागद १०० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे हा लेप कागदाच्या निम्म्याहून जाड नाही. ब्लेडचं टोक जरा तिरकं झालं की तेवढं भेदायला हात थरथरायचीही गरज नाही. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटणारे तर याहून थोर. त्यांचं मडगार्डच दबतं.

मुळात हा फोम ताकदीला दाद देत नाही, उष्णतेला देतो. ही गोष्ट मला शहापूरच्या एका पेंटरनं काही वर्षांपूर्वी शिकवली. मी त्याच्यासमोर नखानं रिफ्लेक्टर उचकटत होतो, तर माझा हात धरून म्हणाला, “मोदल बिसि माडरी.” आधी तापवा. मग माझ्या चेहऱ्याकडं बघून मराठीत, “घाई केली की रंग जातो, सावकाश केलं की गोंद जातो.” केस वाळवायचा ड्रायर त्यानं वीतभर अंतरावरून दोन-तीन मिनिटं फिरवला, एका जागी न थांबता. पत्र्यावर हात ठेवता येतो, पण फार वेळ ठेववत नाही, इतपतच तापवायचं. मग गळाला लावतात तो नायलॉनचा दोरा रिफ्लेक्टरच्या मागं घातला, दोन्ही टोकं बोटांना गुंडाळली आणि करवतीसारखा मागं-पुढं ओढत खाली आणला. दोरा फोम कापतो, रंगाला लागत नाही. मध्येच अडला की जोर करायचा नाही, पुन्हा तापवायचं.

रिफ्लेक्टर निघाल्यावर अर्धा फोम गाडीवरच राहतो. इथंच लोक धीर सोडतात आणि ब्लेडकडं वळतात. अंगठ्यानं एका दिशेनं चोळत राहा. उटणं लावल्यावर अंगावरून मळीच्या वळ्या निघतात ना, तशा वळ्या वळून तो सुटतो. अंगठा दुखतो, हे खरं. फारच हट्टी असेल तर जुन्या एटीएम कार्डाची कड वापरावी.

एक मात्र सांभाळा. टाकीवरचा रिफ्लेक्टर असेल तर ड्रायर नकोच. आत पेट्रोल, वर झाकणातून येणारी वाफ आणि हातात तापलेली तार, हा मेळ कशाला जमवायचा? तिथं गरम पाण्यात पिळलेलं फडकं चार-पाच वेळा ठेवलं तरी काम होतं. मेसेजमध्ये “गाडी उन्हात लावा” असंही एक वाक्य आहे आणि तेवढं बरोबर आहे. एप्रिलच्या दुपारी तासभर ऊन खाल्लेल्या गाडीला ड्रायरही लागत नाही.

“सगळे रिफ्लेक्टर चिकटवलेलेच असतात.” हे वाचून कपाळावर हात मारला. पुढच्या शॉकअपवर बाजूला जे पिवळसर-नारिंगी रिफ्लेक्टर कंपनीकडून येतात, ते बऱ्याच गाड्यांवर नटानं आवळलेले असतात. मागं बोट घालून बघा. नट लागला तर पाना आणा, दोरा घरात ठेवा.

“गोंद थिनरनं पुसा.” कंपनीचा भट्टीत भाजलेला रंग थिनर थोडा वेळ सोसतो. पण आपल्यातल्या किती गाड्या कंपनीच्या रंगावर आहेत? कुठं तरी घासलेलं, कुणाकडून तरी टचअप केलेलं असतंच. तो हवेत वाळवलेला रंग थिनरच्या फडक्याबरोबर सरळ निघून येतो. निलगिरीचं तेल, खोबरेल किंवा दुखापतीवर पुसतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल, यातलं काहीही चालेल. तेही आधी सीटखाली, कुणाला न दिसणाऱ्या जागी लावून बघावं. नंतर साबणाच्या पाण्यानं धुवावं. आणि पुढच्या चाकाजवळ काहीही तेलकट लावायचं तर ब्रेकच्या डिस्कवर आधी कपडा बांधा. स्प्रे तर तिथं मारूच नका, फडक्यावर मारून मग पुसा. डिस्कवर तेल बसलं तर रिफ्लेक्टर निघेल, पण पुढच्या वळणावर गाडी थांबणार नाही.

“टूथपेस्टनं पॉलिश.” टूथपेस्टमध्ये दात घासायला बारीक खरखरीत पूड असते, म्हणून तर ती घासते. चकचकीत रंगावर ती बारीक रेघोट्या पाडते. मॅट रंगाचं तर विचारूच नका. मॅट म्हणजे पृष्ठभाग मुद्दाम किंचित खडबडीत ठेवलेला, म्हणून प्रकाश पसरतो. तो खडबडीतपणा घासून सपाट केला की तेवढाच भाग चमकतो. भाच्याची पुरी ती हीच. ती घासून जात नाही, घासल्यानं वाढते. आता तेवढा भाग पुन्हा रंगवणं एवढाच इलाज.

तरी त्यानं टूथपेस्ट घेतली कशासाठी, ते समजतं. सगळं निघाल्यावर खाली एक गोल खूण उरली होती. तो गोंद नव्हता. रिफ्लेक्टरखालचा रंग उन्हापासून वाचला आणि बाकीचा विटला, त्याची ती सीमा. ती कशानंही पुसली जात नाही. चकचकीत रंग असेल तर हलक्या पॉलिशनं भोवतीचा रंग थोडा उजळतो आणि फरक कमी दिसतो. मॅटवर ते धाडस करू नये.

राहिला कायदा. रिफ्लेक्टरचा नियम ना बेळगावचा ना कोल्हापूरचा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला १०४ वा. दुचाकीच्या मागं निदान एक लाल रिफ्लेक्टर हवाच. कोगनोळी टोलनाक्याच्या अलीकडं केए २२ असो वा केए २३, आणि पलीकडं एमएच ०९, नियम तोच. त्याला बॅटरी लागत नाही, गाडी बंद करून रस्त्याकडेला लावली तरी तो काम करतो. दिवाळीनंतर संकेश्वर-चिक्कोडीच्या रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या, की समोर काय आहे ते कित्येकदा असल्या दोन बोटं रुंद लाल प्लास्टिकवरूनच कळतं.

भाच्याचा हेतू मात्र चुकीचा नव्हता. गाडी घेताना विकणाऱ्यानं हौसेनं पुढच्या मडगार्डवर दोन्ही बाजूंना लाल गोळे चिकटवून दिले होते. लाल मागं, पांढरा पुढं, नारिंगी बाजूला, ही साधी रीत. पुढं लाल चमकला की समोरच्याला वाटतं गाडी आपल्याकडं पाठ करून चाललीय.

डाव्या बाजूचा गोळा शिल्लक होता. गरम फडकं, नायलॉनचा दोरा आणि त्याचा अंगठा, वीस मिनिटं लागली. “दोन मिनिटं लिहिलंवतं की,” तो पुटपुटला. खालचा मॅट रंग जसाच्या तसा. गोळाही अखंड निघाला. मागं नवी फोमची पट्टी लावून तो आता भावोजींच्या ट्रॉलीच्या मागच्या फळ्यावर बसलाय.