तीन दिवस उपाशी ठेवा म्हणे!

‘घरात मांजरं असणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचा’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. ओळीओळीला हिरव्या खुणा, मधेमधे जोडलेले हात आणि तळाशी ‘एका ज्येष्ठ पशुवैद्यांच्या अनुभवातून’. या ज्येष्ठांना नाव नाही, गाव नाही. एरवी असलं काही मी न उघडता पुसते. पण हा मिरजेच्या मावशीने पाठवला आणि खाली विचारलं, ‘अगं, हे खरं असेल तर बरंच होईल. गॅलरीतली शेगडी एकदाची बंद करते.’ तेव्हा मात्र डोक्यात तिडीक गेली.

मावशीचं घर पक्कं शाकाहारी, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. मांजरं मात्र पाच. त्यांच्यासाठी गॅलरीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, वेगळी सांडशी. चिकन शिजत असतं तोवर काका आतलं दार लावून बसतात. इतकी वर्षं हे बिनबोभाट चाललंय, आणि आता कुणीतरी तिला सांगतंय की यातलं काहीच करायची गरज नव्हती.

मेसेजमधलं म्हणणं थोडक्यात असं: मांजर हा दुधावर जगणारा प्राणी, वाटीभर दूध आणि पोळी त्याला पुरते. पाकिटातलं खाणं विष आहे, त्याने किडनी जाते. शाकाहारी घरात मांजरालाही शाकाहाराची सवय लागते. हट्ट केला तर दोन-तीन दिवस उपाशी ठेवा, ‘चौथ्या दिवशी गपचूप पोळी खाईल’. जंतांवर आठवड्याला लसणाची एक पाकळी तुपात ठेचून द्या. केस चमकायला कच्ची मासळी घाला (शाकाहाराच्या मुद्द्यानंतर दोनच ओळींनी! मेसेज लिहिणाऱ्याने तो स्वतः तरी वाचला होता का?). आणि सगळ्या मांजरांना एकाच ताटात वाढा, म्हणजे त्यांच्यात प्रेम वाढतं.

मी उपाशी ठेवण्यापासून सुरुवात करते, कारण यात मांजराचा जीव जाऊ शकतो आणि तोही आपल्या हाताने.

माणूस तीन दिवस उपास करू शकतो, कुत्राही तेवढं निभावून नेतो. मांजराचं यकृत वेगळं आहे. खाणं बंद झालं की शरीर साठवलेली चरबी मोडून यकृताकडे पाठवतं. मांजराच्या यकृताला ती चरबी तेवढ्या वेगाने हाताळता येत नाही, मग ती तिथेच साचत जाते आणि यकृत काम करेनासं होतं. डॉक्टर याला हिपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. जाडजूड मांजरांना हा धोका सगळ्यात जास्त, आणि घरात बसून खाणारी मांजरं बहुतेक जाडजूडच असतात. दोन-तीन दिवसांच्या उपासमारीनेही याची सुरुवात होऊ शकते. मांजर मलूल होतं, लाळ गाळतं, उलट्या करतं, कानाची आतली बाजू आणि हिरड्या पिवळ्या दिसायला लागतात. गंमत बघा, या अवस्थेत त्याच्यासमोर मटण ठेवलं तरी ते तोंड लावत नाही. उपचार म्हणजे नळी घालून कित्येक आठवडे भरवत राहणं. तेवढं करून अनेक मांजरं वाचतात, न केल्यास बहुतेक वाचत नाहीत.

म्हणजे चौथ्या दिवशी मांजर गपचूप असतं हे खरं. कशामुळे ते मेसेजमध्ये लिहिलेलं नाही.

मोठं मांजर अख्खा दिवस काही खात नसेल तर डॉक्टरांना फोन करायचा असतो. पिल्लाच्या बाबतीत तेवढीही वाट बघायची नसते. आणि इथे हा महाभाग तेच मुद्दाम करायला सांगतो.

आता शाकाहाराच्या सवयीबद्दल. टॉरिन नावाचा एक पदार्थ असतो. तो मांस, मासे, काळीज, हृदय यांत असतो. डाळ, भात, पोळीत नसतो. आपलं शरीर तो इतर घटकांपासून तयार करतं, बहुतेक कुत्र्यांचंही करतं. मांजराच्या शरीरात तो फारच थोडा तयार होतो, शिवाय पित्तातून सतत खर्च होत राहतो. रोजच्या खाण्यातून आला नाही तर साठा संपत जातो. संपला की दोन गोष्टी होतात: डोळ्याचा पडदा झिजतो आणि हृदयाचा स्नायू पातळ होऊन फुग्यासारखा ताणला जातो.

याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक शाळेत पॉल पियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध छापला. तोवर मांजरांच्या हृदयाचा हा विकार म्हणजे मरणाचाच दाखला समजला जायचा. पियन यांना 21 आजारी मांजरांच्या रक्तात टॉरिन फार कमी सापडलं. त्यांनी तोंडावाटे टॉरिन द्यायला सुरुवात केली आणि ताणलेली हृदयं पुन्हा नीट आकुंचन पावायला लागली. नवं औषध नाही, ऑपरेशन नाही, खाण्यातली एक उणीव भरून काढली एवढंच. ‘मांजराला काहीही चालतं’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा एक निबंध पुरेसा आहे.

डोळ्यांचं मात्र इतकं सोपं नाही. पडद्याचा जो भाग गेला तो परत येत नाही. आणि हे कशावरून कळलं माहितीये? 1975 साली छापलेल्या प्रयोगात मांजरांना प्रथिन म्हणून फक्त केसिन दिलं होतं. केसिन म्हणजे दुधातलं प्रथिन. त्यांच्या डोळ्यांचे पडदे झिजले. दूध-पोळीवाल्यांनी हे दोनदा वाचावं.

यावर ठरलेलं उत्तर येतंच: ‘आमच्या ओळखीत एक मांजर दोन वर्षं वरणभातावर ठणठणीत आहे.’ असेल. टॉरिनचा साठा एका दिवसात संपत नाही, महिनोनमहिने जातात, कधी वर्षं. अंधुक दिसणारं मांजर आपल्या घरातला प्रत्येक पाट आणि खुर्ची पाठ करून बिनधास्त फिरतं, घरच्यांना पत्ताही लागत नाही. परदेशात कृत्रिम टॉरिन घातलेलं शाकाहारी मांजरखाद्य मिळतं हे मला माहीत आहे, त्याच्या बाजूने आणि विरोधात तिकडे भांडणंही चालू आहेत. पण हा मेसेज त्याबद्दल नाही. तो पोळीबद्दल आहे.

‘आजीच्या काळी मांजरं दूधभातावरच जगायची’ हे दुसरं हुकमी वाक्य. आजीच्या वाड्यात मांजराला दूधभात मिळायचा तो वरचा खाऊ म्हणून. खरं जेवण माळ्यावर, कोठीत आणि परसात व्हायचं. उंदीर, घुशीची पिल्लं, पाली, टोळ, एखादी चिमणी. अख्खा उंदीर हाडांसकट, यकृतासकट, हृदयासकट पोटात गेला की त्यात टॉरिन आलं, कॅल्शियम आलं, अ जीवनसत्त्व आलं. (गाजरातलं अ जीवनसत्त्व मांजराला वापरताच येत नाही, त्याला ते प्राण्यांच्या शरीरातून तयारच लागतं.) आता तेच मांजर चौथ्या मजल्यावर, खिडक्यांना जाळ्या. तिथे दूधभात दिला तर उरतो फक्त दूधभात. शिवाय आजीच्या काळी किती मांजरं किती वर्षं जगली याची नोंद कुणी ठेवली होती? एक दिसेनासं झालं की दुसरं यायचं.

दुधाबद्दल थोडं मान्य करते. थोडंसं दूध प्यायल्याने मांजर मरत नाही, काहींना ते पचतंही. पण दुधातली साखर पचवण्याची ताकद पिल्लू मोठं होता होता कमी होते. म्हणून पुष्कळ मोठ्या मांजरांना वाटीभर दुधाने ढाळ लागते आणि मग आपण मातीच्या ट्रेकडे बघून ‘याला आज काय झालं’ म्हणत बसतो. दुधात साखर घालणाऱ्यांसाठी एक माहिती: मांजराला गोड चव कळतच नाही. त्यासाठी लागणारं एक जनुक त्याच्यात बंद पडलेलं आहे. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2005 साली हे दाखवून दिलं. मांजर धावत येतं ते सायीसाठी.

पाकिटातलं खाणं. इथे मला नाइलाजाने अर्धं पाऊल मागे यावं लागतं. वर सांगितलेली ती 21 मांजरं काय खात होती? बाजारातलं तयार मांजरखाद्यच. तेव्हा त्यात टॉरिन पुरेसं नव्हतं. म्हणजे कंपन्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका असं कुणी म्हणालं तर मी नाही म्हणणार नाही. पण त्या निबंधानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं, मानकं बदलली, आणि हृदयाचा हा विकार मांजरांत विरळा झाला. चूक सापडली आणि दुरुस्त झाली. दूध-पोळीतली चूक कोण दुरुस्त करणार?

किडनीचं म्हणाल तर म्हाताऱ्या मांजरांत किडनीचा आजार मुळातच फार आढळतो, मग ती काहीही खात असोत. कोरड्या दाण्यांनी किडनी ‘जाते’ असं सिद्ध झालेलं नाही. त्यात पाणी मात्र साधारण दहा टक्केच असतं, ओल्या खाण्यात पाऊणभागाच्याही वर. मांजराचे पूर्वज वाळवंटातले, तहान लागली म्हणून भांड्याकडे धावणं त्याच्या स्वभावात नाही. म्हणून नुसत्या दाण्यांवर ठेवलेल्या बोक्यांबाबत सावध राहावं. बोका मातीत पुन्हा पुन्हा बसतोय, कण्हतोय आणि लघवीचा थेंब नाही, असं दिसलं तर ‘बद्धकोष्ठ असेल’ म्हणून एरंडेल शोधू नका, त्याच तासाला दवाखाना गाठा. घरचं शिजवलेलं चिकनही चांगलंच, पण हाडं काढलेल्या नुसत्या चिकनमध्ये कॅल्शियम जवळजवळ नसतंच, आणि उकळताना टॉरिन पाण्यात उतरतं. ते पाणी ओतून देऊ नका, त्यातच कालवा. मावशी चिकनबरोबर ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ (म्हणजे पूर्ण आणि समतोल आहार) लिहिलेले दाणे देते आणि दाण्यांचा भाग जास्त ठेवते, ते बरोबर आहे. कुत्र्याचं खाणं स्वस्त पडतं म्हणून तेच मांजराला घालू नये, ते कुत्र्याच्या हिशेबाने केलेलं असतं. आणि ती चाटायची क्रीमची पुडी म्हणजे जेवण नव्हे.

लसूण. हा घरगुती उपाय नसून घरगुती विषप्रयोग आहे. कांदा, लसूण, कांद्याची पात हे सगळं कुटुंब मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतं, आणि लसूण त्यात कांद्याच्याही पुढे. लगेच काही दिसत नाही हीच अडचण. काही दिवसांनी हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, लघवी काळपट होते, मांजराला धाप लागते. तोवर लसूण दिलेला कुणाच्या लक्षातही नसतो. बरं, जंत लसणाने जातात याला आधार काय? जंतांची गोळी मिळते, वजनावर ठरते, डॉक्टर सांगतात. आपल्या घरांत एक वेगळाच प्रकार चालतो, रश्श्यातला चिकनचा तुकडा नळाखाली धुऊन मांजराला टाकायचा. कांदा-लसणाच्या वाटणात तासभर शिजलेला तुकडा धुतल्याने कोरा होत नाही. मांजराचं आधी बाजूला काढा, फोडणी मग घाला.

कच्ची मासळी: काही माशांत ब1 जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. रोज तेच दिलं तर मांजराची मान खाली वाकते, तोल जातो, झटके येतात. शिजवलं की तो घटक निकामी होतो. तेव्हा शिजवून, काटे काढून, अधूनमधून. चमकदार केसांसाठी कच्च्याची गरज नाही.

राहिलं एकाच ताटाचं. वरवर निरुपद्रवी वाटतं म्हणून यावर कुणी बोलत नाही. मांजर शिकार एकट्याने करतं आणि एकट्यानेच खातं. पाचजणांना एका ताटाभोवती बसवलं की ती मुकाट्याने खातात, भांडत नाहीत, आणि आपल्याला वाटतं काय गुण्यागोविंदाने जेवताहेत! मावशीकडे नीट पाहिलंत तर दिसेल: भाऊराव नावाचा केशरी बोका ताटावर आडवा झोकून खातो, दोघी बाजूने घास ओढतात, आणि भुरी दाराच्या चौकटीपाशी बसून दुसरीकडेच बघत असते. तिला भूक नाही असं काका म्हणतात. भाऊराव उठून मिशा पुसायला लागला की ती येते आणि ताट चाटते.

अशा घरात ताट रोज रिकामं होतं, त्यामुळे कोण जेवलं आणि कोण नाही हे कळायला काही मार्गच उरत नाही. एखादीने दोन दिवस घास घेतला नसेल तर तिचा वाटा भाऊरावाच्या पोटात जातो आणि हिशेब बरोबर जुळतो. वर ज्या यकृताच्या आजाराबद्दल लिहिलं तो अशा घरांत उशिरा सापडतो तो यामुळेच. म्हणून प्रत्येकाची वाटी वेगळी आणि एकीला दुसरी दिसणार नाही अशी. एक फ्रिजवर, एक पलंगाखाली, एक न्हाणीच्या दाराआड. वीस मिनिटांनी वाट्या उचलायच्या आणि कुणाच्या वाटीत किती उरलं ते बघायचं. पाण्याची भांडी जेवणापासून लांब ठेवायची.

आणि वजन करायचं. त्याला वेगळा काटा लागत नाही. मांजराला उचलून आपल्या वजनकाट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी करायची. चार किलोच्या मांजराचं पावशेर-अर्धा किलो घटणं म्हणजे फार मोठी घट असते, नुसत्या डोळ्यांना ती केसांखाली दिसत नाही. भुरीपासून सुरुवात करा.