चिल्ल्याचा पहिला दिवस

काल दुपारपर्यंत या घरात माझा मान देवघरातल्या बाळकृष्णाच्या खालोखाल होता. दहावीची मुलगी! टीव्हीचा आवाज बंद, बदामाचं दूध आयतं टेबलावर, आणि कुकरच्या शिट्टीबद्दलसुद्धा आई माझी माफी मागायची. मग भूगोलाचा शेवटचा पेपर झाला. आज सकाळी सहा वाजता कानावर पडलं, "उठ गं. रिकामीच आहेस ना?"

रिकामी? मी चिल्ला करणार होते.

चिल्ला म्हणजे चाळीस दिवस जगाशी संबंध तोडून फक्त रियाझ. जुने उस्ताद स्वतःला कोंडून घेऊन असे चिल्ले करायचे, हे आमचे तबल्याचे सर डोळे मिटून सांगतात. माझी मध्यमा पूर्णची परीक्षा मे महिन्यात आहे, म्हणजे हिशेब अगदी बरोबर बसत होता. आजीला मोठ्या अभिमानाने म्हटलं, "आजी, आजपासून मी चिल्ला करणार." ती म्हणाली, "कर की. मुगाचा करणार का बेसनाचा? आमच्या वेळी धिरडी म्हणायचे."

धिरडी बाजूला राहिली, कुरडया पुढे आल्या. गहू तीन दिवस भिजत होता म्हणे. अभ्यासाच्या नादात माझं स्वयंपाकघराकडे लक्षच गेलं नव्हतं. चीक शिजवून तयार होता आणि सोऱ्या दाबायला हात हवा होता. "तुझी बोटं तयार आहेत," आजी म्हणाली. हे वाक्य सरांच्या तोंडून ऐकण्यासाठी मी सहा वर्षं थांबले आहे. निघालं ते सदाशिव पेठेतल्या एका गच्चीवर, सकाळी सात वाजता, सोऱ्याच्या संदर्भात. मी निषेध म्हणून एका ओळीत मोजून सोळा कुरडया घातल्या. चार-चारचे चार विभाग, मध्ये बोटभर जागा. तीनताल. आजी म्हणाली, "मध्ये जागा कशाला वाया घालवतेस?"

दहा वाजता तबला खाली काढला. फेब्रुवारीत बाबांनी तो माळ्यावर, गणपतीच्या मखराशेजारी ठेवला होता. मार्चच्या कोरड्या हवेत पुडी, म्हणजे तबल्याचं वरचं चामडं, ताणली जाते आणि तबल्याचा सूर चढतो. माझा पेटीच्या काळी एकला लावलेला तबला महिनाभरात शेजारच्या पांढरी दोनपर्यंत पोचला होता. उतरवायला हातोडी घेतली आणि पुडीच्या कडेच्या गजऱ्याला खालून ठोके द्यायला लागले. पाचव्या ठोक्याला बेल वाजली. खालच्या काकू. "फरशी बदलताय का? आमच्याकडेही करायचीये, माणूस कसा आहे?"

त्यांना तबला दाखवला. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "आणि गात नाहीस का?" मुलगी तबला वाजवते म्हटलं की समोरच्याला कुठेतरी एक गाणारी बहीण लपवून ठेवल्यासारखं वाटतं.

शेवटी दार लावलं, मोबाईलवर लेहरा लावला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लेहरा म्हणजे सोळा मात्रांची एक सुरावट, सारखी फिरत राहते आणि वाजवणाऱ्याने जगात कुठेही भटकून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, परत यायचं असतं. मी भटकून चौदाव्या मात्रेपर्यंत आले. पंधराव्याला आत्याचा फोन आला. लेहरा बंद. "कसे गेले पेपर?" मग मामाचा. मग आईच्या मैत्रिणीचा. माझ्या नातेवाइकांना ताल शिकवला नसला तरी पंधरावी मात्रा प्रत्येकाला अचूक सापडते. सगळ्यांना पुढे हेच विचारायचं होतं, "सायन्स ना?" अकरा वाजेपर्यंत मी सहा वेळा सायन्सला गेले आणि समेवर एकदाही आले नाही.

मधल्या वेळात दूध, इस्त्रीचे कपडे आणि बाबांच्या पासबुकात नोंदी. ते जाऊ दे.

मग मी इतिहास काढला. म्हटलं, "आजी, अहमदजान थिरकवा खाँसाहेब बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत तबला वाजवायचे. त्यांना कुणी इस्त्रीचे कपडे आणायला पाठवलं असेल?" आजीने चष्म्यावरून बघितलं. "कंपनीत कपडे बघायला माणसं होती. आपल्याकडे तू आहेस."

एक वाजला. एक ते चारमध्ये आमच्या इमारतीत शिंकसुद्धा दबक्या आवाजात देतात, त्यामुळे तबल्याचं नाव काढायची सोय नव्हती. "तेवढ्यात कुरडया राख," आई म्हणाली. काठी हातात देऊन मला गच्चीवर पाठवलं.

टाकीच्या सावलीत बसले. समोर तीनतालाच्या ओळी, कठड्यावर दोन कावळे. सहज टाकीवर डावा तळहात पडला. टाकी अर्धी रिकामी होती. असा घुमारा आला! माझ्या डग्ग्याने सहा वर्षांत असा आवाज दिलेला नाही. उजव्या हाताला चिकाचं पातेलं उपडं घातलं. धाधा तिट धाधा तूना. हळू सुरू केलं, मग दुगुन, आणि मग एक, चार, सदाशिव पेठ, सायन्स, सगळं विसरले. फोन खाली होता. समेवर आले. पुन्हा आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा समोर वरच्या मजल्यावरचे काका बनियनवर उभे होते. टाकी बरोबर त्यांच्या पलंगाच्या वर येते, हे मला त्या क्षणी आठवलं.

"झोप गेली ती गेली," काका म्हणाले. "पण ताता तिटला डग्गा कशाला वाजवतेस? खाली आहे ना ती? खालीला खाली ठेव." खाली म्हणजे तालातला तो भाग, जिथे डग्ग्याने गप्प बसायचं असतं. सवाई गंधर्व संगीत महोत्सव रमणबागेत व्हायचा तेव्हापासून काका भारतीय बैठकीत बसून आलेत. झोपमोडीपेक्षा चुकलेल्या खालीची चीड त्यांना जास्त होती. ते खाली बसले, मांडीवर ताल धरला आणि म्हणाले, "हं. पहिल्यापासून. ठायमध्ये, सावकाश."

चार वाजता आजी वर आली. आम्ही दोघं टाकीला पाठमोरे नव्हतो, कुरडयांना होतो. आजीने पहिली ओळ मोजली, काठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"सोळा होत्या ना? पंधरा आहेत."

काका म्हणाले, "पंचम सवारी. पंधरा मात्रांचाच ताल असतो तो."

आजीने काठी काकांच्या हातात दिली.