स्वीडनने टॅब काढले, म्हणून आपण काय काढायचं?

गेल्या महिन्यात आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वर्गातल्या टीव्हीच्या दुरुस्तीचा विषय निघाला. तेव्हा एका सदस्यांनी मोबाईल काढून एक मेसेज सगळ्यांना वाचून दाखवला. तुमच्यापैकी अनेकांच्या गटावर तो येऊन गेला असेल. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: स्वीडनने शाळांतून स्क्रीन हद्दपार करून पुन्हा पुस्तकं आणली. डिजिटल शिक्षणाने मुलांचं नुकसानच होतं हे जगभरच्या संशोधनाने सिद्ध झालंय. मोबाईलवर घेतलेली चाचणी म्हणजे मूल्यमापन नव्हे. सिलिकॉन व्हॅलीतले मोठे लोक स्वतःची मुलं बिनस्क्रीनच्या शाळेत घालतात आणि गरिबांच्या मुलांच्या हाती टॅब देतात. पूर्वी खडू-फळ्यावर शिकलेली पिढी हुशार निघाली, म्हणून सरकारी शाळांतले हे डिजिटल प्रकार बंद करा. मेसेज वाचून झाला आणि दुरुस्तीचा विषय पुढच्या बैठकीवर गेला.

मी माण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीचा वर्ग घेते. मेसेज वाचणारे काका तळमळीचे आहेत, त्यांची नात माझ्याच वर्गात आहे. त्यांना बैठकीत घाईघाईने उत्तर देण्यापेक्षा एकेका मुद्द्याचं नीट उत्तर द्यावं, म्हणून हे लिहिते आहे.

स्वीडनपासून सुरुवात करते, कारण सगळ्या मेसेजचा डोलारा त्या एका उदाहरणावर उभा आहे.

स्वीडनने पाऊल मागे घेतलं, हे खरं आहे. तिथे २०१९ पासून बालवाडीच्या अभ्यासक्रमातही डिजिटल साधनं बंधनकारक होती. चौथीच्या मुलांच्या वाचनाची जी आंतरराष्ट्रीय चाचणी होते, पर्ल्स, तिच्यात स्वीडनची सरासरी २०१६ मध्ये ५५५ होती, ती २०२१ मध्ये ५४४ झाली. कॅरोलिन्स्का ही तिथली नामांकित वैद्यकीय संस्था. तिने शाळांच्या डिजिटल धोरणावर कडक टीका केली. शिक्षणमंत्री लोट्टा एडहोम यांनी २०२३ मध्ये ते धोरण थांबवलं, बालवाडीतली सक्ती काढायचं ठरवलं आणि त्या वर्षी छापील पुस्तकांसाठी ६८.५ कोटी क्रोनर दिले.

आता ते पैसे कशासाठी दिले, हे पाहा. तिथल्या अनेक शाळांत पाठ्यपुस्तक वर्गातून जवळजवळ गेलंच होतं. पुस्तकाच्या जागी मुलापुढे लॅपटॉप, नेटवरचा मजकूर आणि सुट्या झेरॉक्स आल्या होत्या. स्वीडनने गमावलेलं पुस्तक परत आणलं. आपल्याकडे पुस्तक गेलंच कधी? बालभारतीची स्थापना १९६७ ची. आज आमच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ्यपुस्तकांचा संच मोफत मिळतो. स्वीडनमध्ये प्रत्येक मुलापुढे एक यंत्र होतं, आमच्याकडे अख्ख्या वर्गाला एक टीव्ही आणि बाईंच्या पर्समधला एक फोन आहे. जेवण सुटलेल्या माणसाला ‘आधी जेव’ म्हणून सांगितलेला उपाय, जेवत असलेल्याच्या ताटातलं लोणचं काढून घेण्यासाठी कसा वापरता येईल?

आणि स्वीडनने सगळी यंत्रं बाहेर काढली असंही नाही. तिथला भर लहान वयावर आहे: आधी पुस्तक, वही, हाताने लिहिणं, आणि मग यंत्र. हे मला शंभर टक्के पटतं. पहिली-दुसरीच्या मुलाला टॅबवर बोट फिरवून अक्षर गिरवायला लावू नये. ते पाटीवर, वहीवर, मातीतच गिरवलं पाहिजे. काकांच्या मेसेजमध्ये एवढंच असतं तर मी तो स्वतः पुढे पाठवला असता.

आणखी एक. त्याच २०२१ च्या चाचणीत सिंगापूर ५८७ गुणांनी पहिलं आलं, आणि त्याच वर्षाअखेर तिथल्या माध्यमिक शाळांतल्या सगळ्या मुलांना स्वतःचं डिजिटल साधन द्यायचं काम उरकलं जात होतं. यंत्रामुळे सिंगापूर पहिलं आलं असं मी म्हणणार नाही, कारण ती परीक्षा चौथीची होती. पण एका देशाच्या गुणांवरून यंत्राला फाशी द्यायची असेल, तर दुसऱ्या देशाचे गुणही पाहावे लागतील.

संशोधनाच्या मुद्द्यात मेसेजने अभ्यासाचं एकही नाव दिलेलं नाही. मला माहीत असलेले दोन सांगते, एक त्यांच्या बाजूचा आणि एक माझ्या.

पेरू देशात ग्रामीण प्राथमिक शाळांतल्या मुलांना मोठ्या प्रमाणावर लॅपटॉप वाटले होते. ३१९ शाळांचा अभ्यास झाला. साधारण सव्वा वर्षानंतर गणितात आणि भाषेत मुलांची काहीच वाढ दिसली नाही. लॅपटॉप आले, पण वर्गातली शिकवण्याची पद्धत होती तशीच राहिली. हा अभ्यास काकांच्या बाजूचा आहे आणि तो मी लपवणार नाही.

दुसरा आपल्या दिल्लीतला. सरकारी शाळांतल्या सहावी ते नववीच्या ६१९ मुलांमधून लॉटरी काढून काहींना शाळेबाहेरच्या केंद्रात पाठवलं. तिथे रोज दीड तास: अर्धा वेळ संगणकावर, अर्धा वेळ लहान गटात शिक्षकासोबत. तो संगणकीय कार्यक्रम इयत्ता बघत नव्हता, मुलाला येतं काय ते बघून तिथून पुढे नेत होता. सहावीतलं मूल गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे आहे, हे त्यातूनच समोर आलं. साडेचार महिन्यांनी लॉटरी लागलेल्या मुलांची गणितातली प्रगती बाकीच्यांच्या सुमारे दुप्पट होती. हिंदीतही ती चांगलीच पुढे गेली होती.

पेरूत यंत्र नुसतं हातात दिलं. दिल्लीत यंत्राला एक नेमकं काम दिलं, जे चाळीस मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाला जमत नाही: प्रत्येकाला त्याच्या पायरीवरचा प्रश्न देणं. काकांच्या मेसेजने या दोन्ही गोष्टींना ‘डिजिटल’ म्हणून एकाच पोत्यात कोंबलंय. पंधरा वर्षांच्या मुलांची जी आंतरराष्ट्रीय चाचणी होते, पिसा, तिच्या २०२२ च्या निकालातही हेच दिसतं. शाळेत अभ्यासासाठी दिवसाला तासाभरापर्यंत यंत्र वापरणाऱ्या मुलांचे गणिताचे गुण, अजिबात न वापरणाऱ्यांपेक्षा सरासरी १४ ने जास्त होते, आणि तरी ६५ टक्के मुलांनी सांगितलं की गणिताच्या काही तासांना तरी अशा साधनांमुळे लक्ष विचलित होतं. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही सोबत घेऊनच वर्गात उभं राहावं लागतं.

आता मूल्यमापन. हा मुद्दा माझ्या रोजच्या कामाचा आहे, म्हणून इथे जरा थांबते.

मेसेज म्हणतो, मोबाईलवर टिक मारलेल्या उत्तरातून मुलाला काय येतं ते कळत नाही. मी चाचणी कशी घेते ते सांगते. माझ्या वर्गात प्रत्येक मुलाकडे एक पुठ्ठ्याचं कार्ड आहे. त्यावर काळी-पांढरी चौकोनी आकृती छापलेली, आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. प्लिकर्स नावाच्या ॲपची ही कार्डं आहेत, छापून घेतली आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवली. मी प्रश्न फळ्यावर लिहिते. मुलं आपल्या उत्तराचं अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरतात. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून एकदा फिरवते, की कोणी काय उत्तर दिलं ते पडद्यावर येतं. प्रत्येकाची आकृती वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून काही उपयोग नाही. मुलाच्या हातात फोन येतच नाही.

दशांश अपूर्णांक शिकवताना मी विचारलं: ०.६, ०.४५, ०.१२५ आणि ०.०९ यांतली सर्वांत मोठी संख्या कोणती? निम्म्याहून जास्त वर्गाने ०.१२५ धरलं. का, ते कोणत्याही शिक्षकाला कळेल. मुलं दशांश चिन्हाच्या पुढचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचतात आणि १२५ हा ६ पेक्षा मोठा आहेच. मग दुसरा प्रश्न टाकला: ०.३, ०.३५, ०.१२५, ०.०४. पहिल्या प्रश्नात ०.६ हे बरोबर उत्तर दिलेल्या काही मुलांनी इथे ०.३ धरलं! म्हणजे ‘आकडे कमी तर संख्या मोठी’ अशी उलटी समजूत त्यांच्या डोक्यात बसली होती आणि पहिलं उत्तर त्यांना चुकीच्या कारणाने बरोबर आलं होतं. वहीत मी त्या उत्तरावर खूण करून पुढे गेले असते.

हे सगळं पाच मिनिटांत कळलं. त्यानंतर फोन पर्समध्ये गेला. आम्ही व्हरांड्यात खडूने एक मीटरची रेघ ओढली. ०.६ मीटर म्हणजे ६० सेंटिमीटर, ०.१२५ मीटर म्हणजे साडेबारा. मुलांनी आपापल्या संख्येवर उभं राहून पाहिलं आणि १२५ वाला गट स्वतःच मागे सरकला. चूक नेमकी कुठे आहे ते फोनने दाखवलं, ती दुरुस्त खडूने झाली. मेसेजमध्ये या दोघांची लढाई लावलेली आहे, माझ्या वर्गात ती नाही.

आमच्या जुन्या बाई पाटीवर उत्तर लिहून ‘पाट्या वर’ म्हणायच्या, तेही असंच होतं. फरक इतकाच की त्याची नोंद राहत नसे. आज कोणत्या मुलाचा कोणता प्रश्न जूनपासून तिसऱ्यांदा चुकतोय, हे माझ्याकडे आहे.

नोंदीवरून आठवलं. राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० मध्ये आलं आणि प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद लिहायचं ठरलं. हेतू फार चांगला होता. पण त्या नोंदींच्या तयार वाक्यांच्या पुस्तिका बाजारात आल्या, आणि कितीतरी शाळांत तीच वाक्यं मुलामागून मुलाला उतरवली गेली, माझ्याही हातून सुरुवातीच्या वर्षांत उतरवली गेली. त्या नोंदी कागदावर पेनाने लिहिलेल्या होत्या, तरी त्यात मूल कुठेच नव्हतं. यांत्रिकपणा यायला यंत्रच लागतं असं नाही.

चार पर्यायांच्या प्रश्नाला मर्यादा आहेत. गणिताची रीत त्यात दिसत नाही. ‘माझ्या गावाची जत्रा’ यावर मूल कसं लिहितं, भांडण झाल्यावर दोन मित्रांची समजूत कशी घालतं, हे कार्ड सांगणार नाही. त्यासाठी वही वाचावी लागते, शेजारी बसावं लागतं. चाचणी म्हणजे फक्त पर्यायी प्रश्न असं कोणी ठरवलं, तर मी काकांच्या बाजूने उभी राहीन.

सिलिकॉन व्हॅलीच्या शाळेबद्दल थोडक्यात. लॉस आल्टोसची वॉल्डॉर्फ शाळा खरी आहे, तंत्रज्ञान कंपन्यांतले बरेच पालक मुलांना तिथे घालतात हेही खरं. पण त्या मुलांच्या घरी पुस्तकांची कपाटं आहेत, शिकलेले आईबाप आहेत, आणि आठवीच्या सुमारास तिथेही यंत्राचा मर्यादित वापर चालतो. आमच्या मुलांच्या घरी काय आहे? ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत २०२४ मध्ये १४ ते १६ वयाच्या जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. ज्यांना तो वापरता येतो त्यांच्यापैकी आधीच्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काही केलेली मुलं ५७ टक्के, समाजमाध्यमं वापरलेली ७६ टक्के. फोन घरात शिरला आहे. त्यातून शिकताही येतं, हे या मुलांना शाळेने दाखवलं नाही तर कोण दाखवणार?

खडू-फळ्यावरच्या हुशार पिढीबद्दल इतकंच सांगते, की माझ्या वर्गात पहिलीला माझ्यासोबत बसलेल्या कितीतरी मुली दहावीपर्यंत पोचल्याच नाहीत. ज्या पोचल्या त्यांच्यावरून सगळ्या पिढीचं मोजमाप करता येत नाही.

काकांनी जे म्हणायला हवं होतं ते मेसेजमध्ये नाहीच. शाळेत डिजिटल म्हणून येणाऱ्या कामाचा मोठा वाटा शिकवण्याचा नसतो, माहिती भरण्याचा असतो. हजेरी ॲपवर, पोषण आहार ॲपवर, चाचणीचे गुण चॅटबॉटवर, उपक्रमाचे फोटो लिंकवर. रेंज नसेल तर शाळेमागच्या टेकाडावर उभं राहून भरायचं, तोवर वर्ग वाऱ्यावर. दुसरी गोष्ट, लोकवर्गणीतून घेतलेले टीव्ही वर्षभरात बंद पडतात आणि दुरुस्तीला एक रुपयाची तरतूद नसते. कितीतरी शाळांत ते चादरीखाली झाकलेले आहेत. यावर कोणी मेसेज लिहिला तर खाली पहिली सही माझी.

पुढची बैठक येत्या शनिवारी आहे. मी टीव्हीबद्दल भाषण करणार नाही. माझ्या फोनमध्ये प्रत्येक मुलाच्या प्रकट वाचनाची दोन ध्वनिमुद्रणं आहेत, एक जुलैचं आणि एक डिसेंबरचं. वर्गातल्या एका मुलाचे आईवडील मेंढरं घेऊन बाहेरगावी असतात, त्यांना वाचता येत नाही. पोरगा आजीकडे राहून शिकतो. त्याचं डिसेंबरचं वाचन मी त्यांना पाठवलं, तेव्हा त्यांनी रात्री फोन करून विचारलं की हे पुस्तकातलंच वाचतोय ना, पाठ केलेलं नाही ना. मी सांगितलं, त्याने पहिल्यांदाच बघितलेला उतारा आहे. प्रगतिपुस्तकातली ‘ब’ श्रेणी त्यांना कधीच काही सांगू शकली नव्हती.

काकांच्या नातीचीही दोन्ही मुद्रणं आहेत. शनिवारी आधी ती ऐकवीन आणि मग दुरुस्तीचा विषय काढीन.