दादा, दाखला पुरता द्या

भाचा खेळाडूंच्या जागेतून पोलीस शिपाई म्हणून लागला आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेढ्यांच्या फोटोखालीच भांडण जुंपलं. पोरगा वाळव्याकडचा, कबड्डीत डावा कोपरा सांभाळतो. आमच्या थोरल्या चुलतभावानं लिहिलं, 'सरकारी भरतीत ५ टक्के जागा खेळाडूंना, म्हणजे अभ्यासिकेत रात्री काढणाऱ्या पोरांच्या ताटातलं उचलायचं. अमेरिकेत असले लाड नाहीत. दम असेल तो कोटी कमावतो, नसेल तो घरी जातो.' खाली माझं नाव घालून, 'याला विचारा, तिथंच असतो.'

तिथंच असतो. पिट्सबर्गला, १६ वर्षं. दादाला हवा तसला माणूस याच शहरानं घडवलाय, तेव्हा त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

अ‍ॅरन डोनाल्ड. आमच्या घरापासून गाडीनं वीसेक मिनिटांवर पेन हिल्स नावाचा भाग आहे, तिथल्या शाळेतून खेळलेला. अमेरिकन फुटबॉलमधला बचाव फळीचा खेळाडू. समोर प्रतिस्पर्ध्यांची पाच धिप्पाड माणसं उभी, त्यांच्या मागं क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा. भिंत फोडून आत घुसायचं आणि चेंडू सुटायच्या आत त्याला आडवा करायचा. याला सॅक म्हणतात. सगळा मामला दोन-तीन सेकंदांचा. कबड्डीवाल्याला ही जागा लगेच कळते: टाळ्या चढाईला, अंगावर घेणार कोपरा.

डोनाल्ड या जागेसाठी बुटका ठरवला गेला होता. उंची ६ फूट १ इंच, वजन १२७ किलोच्या आसपास. आपल्याकडं असा माणूस दारातून वाकून आत येईल, पण तिथल्या फळीत दीडशे किलोचे गडी असतात. वडील त्याला पहाटे साडेचारला उठवून घराच्या तळघरात वजनं उचलायला लावायचे. पिट्सबर्ग विद्यापीठाकडून खेळून २०१४ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या नवोदितांच्या निवडीत तो १३ व्या क्रमांकावर रॅम्स संघात गेला. पुढं १० हंगाम खेळला, दहाही वेळा प्रो बोलसाठी, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या मानाच्या संघात, निवडला गेला, १११ सॅक नावावर, वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ३ वेळा. फेब्रुवारी २०२२ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, समोरच्या सिनसिनाटीचा शेवटचा डाव चालू असताना त्यानं क्वार्टरबॅकला धरून असा गरकन फिरवला की चेंडू भलतीकडंच पडला आणि सामना २३-२० असा रॅम्सनं जिंकला. मी तो दिवाणखान्यात उभ्यानं पाहिला. (गुणी बाळ होता असं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संयुक्त सरावात हाणामारी झाली तेव्हा हा हातात हेल्मेट घेऊन फिरवत होता.)

आता पैसे. २०१८ मध्ये त्यानं ६ वर्षांसाठी १३.५ कोटी डॉलरचा करार केला. तेव्हाच्या भावानं साडेनऊशे कोटी रुपये. बचावपटूंमध्ये सगळ्यात महाग. हा मान एकच दिवस टिकला, दुसऱ्या दिवशी शिकागोच्या संघानं खलिल मॅक या दुसऱ्या बचावपटूला त्याहून जास्त दिले. इथपर्यंत दादा खूश.

पण हे पैसे नुसत्या दमावर आले नाहीत. २०१७ आणि २०१८, दोन्ही वर्षं डोनाल्ड हंगामाआधीच्या सरावालाच गेला नाही. करार सुधारा, मग येतो. सरळ भाषेत एकट्याचा संप. आपल्याकडं एखाद्या कबड्डीपटूनं असं केलं असतं तर 'पोरगं माजलं' म्हणणाऱ्यांत दादा पहिला असता. प्रो कबड्डीत शादलूसारख्या बचावपटूला पुण्याच्या संघानं २.३५ कोटी रुपये मोजले, छानच झालं. पण तिथं खेळाडूची बोली लागते. भाव करणारे दुसरेच. आकड्यापेक्षा हे घासाघीस करायचं बळ मला आपल्याकडं आलेलं बघायचंय.

आणि डोनाल्डच्या करारात लिहून ठेवलेल्या १३.५ कोटी डॉलरांतले पक्के होते ८.७ कोटी. डोनाल्डला ते तरी मिळाले. या लीगमधल्या बहुतेकांच्या करारातला मोठा हिस्सा पक्का नसतो. संघानं काढून टाकलं की पुढच्या वर्षांचा कागद रद्दी. दर ऑगस्टअखेर प्रत्येक संघ ९० जणांतून ५३ ठेवतो. संघ ३२. म्हणजे चार-दोन दिवसांत हजारावर माणसं बाहेर. काहींना सरावाच्या तुकडीत जागा मिळते, बाकीचे बॅग भरतात. सरासरी कारकीर्द तीन-साडेतीन वर्षांची असं खेळाडूंची संघटनाच सांगते, आणि निवृत्तिवेतनाचा हक्क लागायला ३ हंगाम पुरे व्हावे लागतात. काठावर कापलेल्यांची मोजणी दादानं करावी.

कॉलेजातली गोष्ट तर आणखी वेगळी. २०२१ पर्यंत विद्यापीठाच्या खेळाडूला स्वतःच्या नावावर जाहिरातीचा एक डॉलरही घ्यायची मुभा नव्हती. प्रेक्षक हजारोंनी, टीव्हीचे करार अवाढव्य, प्रशिक्षक कोट्यधीश, आणि खेळणाऱ्याला शिष्यवृत्ती. डोनाल्ड त्याच काळातला.

शरीराचा हिशेब मात्र मला या शहरातच कळला. माइक वेबस्टर हा इथल्या स्टीलर्स संघाचा सेंटर, म्हणजे क्वार्टरबॅकपुढच्या पाच जणांतला मधला, समोरासमोरच्या त्याच भिंतीतला, फक्त पलीकडच्या बाजूचा. चार सुपर बोल जिंकलेला. शेवटची वर्षं तो कधी ट्रकमध्ये, कधी रेल्वे स्टेशनवर झोपायचा. २००२ मध्ये पन्नाशीत गेला. इथल्या शवागारातल्या बेनेट ओमालू या नायजेरियाहून आलेल्या डॉक्टरनं त्याचा मेंदू तपासला आणि वारंवारच्या धडकांनी झालेली हानी दाखवली. २००५ मध्ये शोधनिबंध छापून आला तेव्हा लीगच्या डॉक्टरांनी तो मागं घ्या म्हणून पत्र लिहिलं. पुढं २०१७ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी लीगमधल्या १११ मृत खेळाडूंचे मेंदू पाहिले, ११० मध्ये तीच हानी. ज्या घरांना शंका होती त्यांनीच मेंदू दिले होते, त्यामुळं हे प्रमाण सगळ्यांना लावता येत नाही. तरी फळीतला माणूस जवळजवळ प्रत्येक डावात धडकतो, हे उघड्या डोळ्यांनी दिसतं.

डोनाल्ड मार्च २०२४ मध्ये, ३२ व्या वर्षी, फॉर्मात असताना थांबला. त्याला ते परवडलं.

दादाच्या बाजूनं जाणाऱ्या एका मुद्द्याला मात्र माझ्याकडं उत्तर नाही. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटणारे आपल्याकडं पकडले गेलेत, आणि त्यांनी अभ्यास करणाऱ्याची आणि खेळणाऱ्याची, दोघांची जागा खाल्ली. ते बंद व्हायला पाहिजे. पण म्हणून खऱ्या खेळाडूची जागा काढून टाकायची आणि वर अमेरिकेचं नाव सांगायचं, याला मी साक्षीदार होणार नाही. अमेरिकेकडून काही घ्यायचंच असेल तर पेन हिल्ससारख्या साध्या सरकारी शाळेचं मैदान घ्या. आमच्या शाळेच्या मैदानावर आता गाळे आहेत.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. दादानं अंगठा दाखवला, तो होकाराचा की टाळाटाळीचा कळलं नाही. भाच्याचा मात्र रात्री व्हिडिओ कॉल आला. डोनाल्डचे डाव त्यानं फोनवर बघितले होते.

"मामा, याला कधी लागलं नाही का?"

"लागलं की. २०२२ ला घोटा गेला. त्या हंगामाचे शेवटचे ६ सामने बसून होता."

"मग?"

"मग काय, संघाचे डॉक्टर. पगार चालू."

तो थोडा थांबला. दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत त्याचा खांदा निखळला होता. आयोजकांनी नारळ आणि शाल पाठवली होती. दवाखान्यासाठी ताईच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

"आता आपल्याला पण बिल मिळतंय मामा," तो म्हणाला. "पोलिसांत औषधपाण्याची योजना आहे. मी पहिल्यांदा तेच विचारून घेतलं."