तिच्या उशाशी कोण थांबणार?

मोठी पोस्ट आहे, पण ज्यांच्या घरी यंदा पाळणा हलणार आहे त्या पुरुषांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

मी मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात लेबर रूमला सिस्टर आहे. बायकोला कळा सुरू झाल्यापासून नवऱ्यानं तिच्याजवळ थांबलं पाहिजे, या मताची मी आहे आणि दरवर्षी हे मत जास्तच पक्कं होत चाललंय. आपल्याकडं नवरा "दवाखान्यातच होता" असं म्हणतात तेव्हा तो बहुतेक वेळा गेटसमोरच्या टपरीवर मित्रांसोबत असतो. चिठ्ठी घ्यायला वर येतो, मेडिकलमधून सामान आणून देतो, परत खाली. माझ्या लेखी ते थांबणं नाही.

आपली रीत सगळ्यांना माहीत आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरली की पोरगी माहेरी येते. नवरा वाळूजला नाहीतर चाकणला कंपनीत, किंवा गावाकडं शेतात. कळा सुरू झाल्या तरी त्याला फोन जात नाही. "उगं कशाला जीवाला घोर लावायचा" म्हणून लेकरू झाल्यावरच कळवतात. ही रीत मोडा असं मी म्हणत नाही. माहेरी पोरीला मोकळेपणी रडता येतं, आईच्या मांडीवर डोकं ठेवता येतं, सासूसमोर पदर सावरत कण्हावं लागत नाही. पण या रीतीत नवऱ्यासाठी जागाच ठेवलेली नाही, आणि ती आता करायला हवी. दिवस भरत आले की आठ-दहा दिवस आधीच सासुरवाडीला येऊन राहा. सासरे काही म्हणणार नाहीत, उलट त्यांच्या डोक्यावरचा भार हलका होईल.

ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांना तर हे आणखी लागू आहे. बीड, धाराशिव, परभणीकडून जोडीनं उचल (आगाऊ पैसे) घेऊन लोक कारखान्याला जातात. तिथं उसाच्या फडात किंवा कोपीवर (झोपडीत) बाई अडली तर माय जवळ नसते, सासू नसते. नवरा आणि टोळीतल्या दोन-चार बायका, बस. त्या नवऱ्याला काहीच माहीत नसेल तर त्या बाईनं कुणाकडं बघायचं?

"पुरुषाचं तिथं काय काम?" हे मी रोज ऐकते. काम आहे, आणि ते अभ्यासातूनही दिसलंय. 17 देशांतल्या 26 अभ्यासांचा, 15 हजारांहून जास्त बायकांचा एकत्र आढावा 2017 साली निघाला. कळांमध्ये सतत कुणीतरी सोबत असलेल्या बायकांची आपोआप, नैसर्गिक सुटका जास्त झाली, सिझर कमी झालं, कळांचा काळ थोडा आखूड झाला आणि बाळंतपणाची वाईट आठवणही कमी जणींच्या मनात राहिली. सोबत नर्सची असेल, शिकलेल्या बाईची असेल नाहीतर घरच्या माणसाची, मुद्दा एकच की ती सतत असली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 च्या मार्गदर्शनात तेच सांगितलं: प्रत्येक बाईला तिच्या पसंतीचं माणूस सोबत मिळावं. यात जादू काही नाही. घाबरलेल्या बाईच्या अंगात अ‍ॅड्रेनालिन वाढतं आणि कळा आणणारं ऑक्सिटोसिन दबतं. मग कळा मंदावतात. ओळखीचा हात धरायला असला की अंग सैल सोडता येतं.

आता अडचणीचंही सांगते. आमच्यासारख्या ठिकाणी एका खोलीत दोन-तीन टेबलं असतात. एका बाईचा नवरा आत आला तर बाकीच्या बायकांच्या अब्रूचं काय? त्यांचंही बरोबर आहे. 2016 साली केंद्र सरकारनं सरकारी दवाखान्यांत सोबतीला परवानगी दिली. त्यात सोबतीण म्हणून स्वतः बाळंतपण अनुभवलेली नात्यातली बाई धरली आहे आणि जिथं आडोसा, पडदे, खाजगीपणा नीट सांभाळला जातो तिथं नवऱ्यालाही आत घेता येतं. पुढं 2017 च्या शेवटी 'लक्ष्य' कार्यक्रम आला, त्यात लेबर रूमच्या दर्जासोबत बाईला मानानं वागवणं आणि सोबतीण ठेवणंही आलं. पण प्रत्येक टेबलाला आडोसा अजून सगळीकडं झालेला नाही. तो झाला पाहिजे, आणि गावातल्या पुरुषांनी सभापतीकडं, आमदाराकडं रस्त्यासोबत हीसुद्धा मागणी केली पाहिजे.

मात्र आडोसा नसल्याचं कारण सांगून टपरीवर जाऊ नका. कारण कळांचा बहुतेक वेळ टेबलावर जातच नाही. पहिलटकरणीचं गर्भाशयाचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंत कधी पूर्ण रात्र जाते. तिथून पुढं पहिल्या खेपेला बारा तासांपर्यंत, नंतरच्या खेपांना दहा तासांपर्यंत लागू शकतात. टेबलावर घ्यायची वेळ शेवटी शेवटी येते. त्याआधीचे सगळे तास ती वॉर्डात, व्हरांड्यात, जिन्याच्या कठड्याला धरून काढत असते. तिथं तुम्हाला कुणीही अडवत नाही. ते तास तुमचे आहेत.

या तासांत काय करायचं, ते एका जोडप्याचं सांगते म्हणजे कळेल. मुलगा कंपनीत कामाला, रात्रीची एसटी धरून आलेला. सासूबाईंनी त्याला बघितलं की डोक्यावर पदर घेतला आणि बाजूला झाल्या. "पाव्हणं, तुम्ही बाहीर बसा, हितं काय करता." तो बसला नाही. मी त्याला बायकोच्या मागं उभं केलं, तिला खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात टेकवून पुढं झुकायला सांगितलं आणि त्याच्या तळव्याची टाच तिच्या कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या जरा वर ठेवली. कळ आली की तिथं दाबायचं, घट्ट, एकाच जागी. कळ ओसरली की सोडायचं. दोन-तीन कळांत त्याला अंदाज आला. पुढं तिनं "हं" म्हणायच्या आत त्याचा हात जाग्यावर असायचा. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. मधल्या वेळात ती त्याच्या गळ्यात दोन्ही हात टाकून जागच्या जागी डुलायची. सासूबाई थोड्या वेळानं स्वतःच गरम पाण्याची पिशवी भरून घेऊन आल्या आणि त्याच्या हातात दिली. जावयासमोर कसं बाई, हा संकोच तासाभरात गेला.

बाकी कामं साधी आहेत, पण कुणीतरी लक्षात ठेवून करावी लागतात. घोटभर पाणी देत राहा, खाण्याचं डॉक्टरांना विचारा. दर दोन तासांनी तिला लघवीला न्या, भरलेली लघवीची पिशवी बाळाचं डोकं खाली यायला अडथळा करते. पाठीवर उताणी झोपवू नका. चालू द्या, बसू द्या, थकली तर डाव्या कुशीवर. तिचा श्वास भराभर व्हायला लागला की तुम्ही स्वतः तिच्यासमोर लांब श्वास सोडा, ती तुमच्यामागं येते. आणि मोबाइल खिशात ठेवा. गावाकडचे फोन सासऱ्यांना घेऊ द्या.

बोलण्याचंही सांगते. "सगळ्याच बायकांना होतं", "जरा सोसायला शीक", "ओरडू नको, लोक बघायलेत" ही वाक्यं मी रोज ऐकते आणि प्रत्येक वेळी त्या बाईचा चेहरा आक्रसलेला बघते. तिला ओरडू द्या. आमच्या लोकांतही काही जण बाळंतिणीवर खेकसतात, टोचून बोलतात. ते चुकीचंच आहे. घरचं माणूस शेजारी उभं असलं की ते बोलणं कमी होतं, हेही मी बघितलंय. तुम्ही भांडायची गरज नाही. "सिस्टर, तिला काय करायचंय ते समजावून सांगा, ती करेल" एवढं शांतपणे म्हटलं तरी पुरतं.

शेवटाकडं एक अवघड टप्पा येतो. कळा एकावर एक येतात, बाई थरथरते, कधी उलटी करते आणि म्हणते, "माझ्यानं नाही होत, सिझर करा, मी मरते." नेमकं याच वेळी नातेवाइकांचा धीर सुटतो आणि व्हरांड्यातून दहा माणसं आत येतात. "पेशंट सहन करीना, करून टाका म्हणावं डॉक्टरला." पुष्कळदा ही सुटका जवळ आल्याची खूण असते. नवऱ्याला हे आधी माहीत असेल तर तो तिच्या कानाशी "झालंच आता, थोडंच राहिलंय" म्हणू शकतो आणि बाहेरच्या माणसांना थोपवू शकतो. सिझर वाईट असं माझं म्हणणं नाही. बाळाचे ठोके पडले, बाळ आडवं असलं, गर्भाशयाचं तोंड उघडायचं थांबलं, तर सिझर जीव वाचवतं आणि तिथं सहीला एक मिनिट लावू नका. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या खाजगी दवाखान्यांत 47.4 टक्के बाळंतपणं सिझरनं झाली, सरकारीत 14.3 टक्के. सरकारीतून अवघड केस पुढं पाठवल्या जातात हे धरलं तरी एवढा फरक नुसत्या गुंतागुंतीनं पडत नाही. म्हणून "का करायचं?" हा प्रश्न शांतपणे विचारायला नवरा शुद्धीवर आणि जाग्यावर हवा.

आणि हात जोडून सांगते, घरी कळांचं इंजेक्शन कुणाकडूनही घेऊ नका. गावातला डॉक्टर असो की ओळखीचा कंपाउंडर. देखरेखीशिवाय ते दिलं तर गर्भाशय फाटू शकतं. वरून पोट दाबून लेकरू ढकलणंही तसंच धोक्याचं.

तयारी नववा महिना लागताच करा. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, आधार एका पिशवीत ठेवा. तिचा रक्तगट पाठ असू द्या आणि रक्त द्यायला तयार असणाऱ्या दोघा-तिघांचे नंबर ठेवा. रात्री गाडी कोण आणेल ते आधी ठरवा, 102 आणि 108 मोबाइलमध्ये असू द्या. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की वाड्या-तांड्यांचा रस्ता तुटतो, तिथल्यांनी दिवस भरले की दवाखान्याजवळच्या नातेवाइकाकडं येऊन राहावं. सरकारी दवाखान्यात 2011 पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, सिझर सगळं मोफत आहे, तेव्हा बाहेरची चिठ्ठी हातात आली तर विचारायचं धाडस ठेवा. अंगावरून रक्त गेलं, डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढं अंधारी आली, बाळाची हालचाल कमी झाली, पाणी हिरवट गेलं, तर कळांची वाट बघू नका, निघा.

आता लेकरू झाल्यावरचं. बाहेर पहिला प्रश्न येतो, "काय झालं?" मला तो प्रश्न टोचतो. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं 807 मुली होत्या. म्हणजे कितीतरी मुली जन्मायच्या आधीच गेल्या, त्या याच प्रश्नापायी. टेबलावरच्या बाईला "मुलगी" म्हणून सांगितलं की टाके घालायचे बाकी असतानाही ती दाराकडं बघते. नवऱ्याचं तोंड कसं झालंय ते तिला बघायचं असतं. तेव्हा "ती कशी आहे?" हे आधी विचारा, आणि लेकीला दोन्ही हातांनी घ्या.

पुढचे दोन तास गाफील राहू नका. बाळंतिणीला रक्तस्राव होण्याचा सगळ्यात मोठा धोका याच वेळी असतो. तासाभरात पॅड पूर्ण भिजलं किंवा ती पांढरीफटक, थंडगार वाटली तर लगेच आम्हाला हाक मारा, पेढे नंतर. बाळाला तिच्या उघड्या छातीवर राहू द्या, पहिल्या तासात चिकाचं दूध मिळू द्या. मध, गुटी, साखरेचं पाणी घेऊन येणाऱ्या आत्याबाईंना थांबवण्याचं काम नवऱ्याचंच. आई-सासूचं कुणी ऐकत नाही, जावयाचं ऐकतात. बाळ कमी वजनाचं असेल तर तेच कांगारू पद्धतीनं बापानंही स्वतःच्या छातीशी धरायचं असतं. धष्टपुष्ट, मिशीवाले बाप शर्टाची बटणं काढून लेकराला कवटाळून बसलेले मी बघितलेत. एकालाही त्यात कमीपणा वाटला नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नका. सोबत कुणाची हवी हे ती ठरवणार. काही जणींना नवरा नकोच असतो, आई हवी असते, मोठी बहीण हवी असते. काही घरांत नवऱ्याचीच भीती असते, तेही आम्हाला दिसतं. ती नको म्हणाली तर मान राखून दाराबाहेर थांबा, पण थांबा. शेवटच्या महिन्यात एकदा तिला निवांत विचारा: कोण जवळ असलेलं आवडेल, हात धरलेला चालेल का, कुणाला आत येऊ द्यायचं नाही. बऱ्याच पोरींना आयुष्यात हा प्रश्न कुणी विचारलेला नसतो.

रजेचं म्हणाल तर केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना 15 दिवसांची पितृत्व रजा आहे. खाजगी कंपन्यांना बांधील करणारा कायदा आपल्याकडं नाही. ठेकेदाराकडं रोजंदारीवर असणाऱ्या पोराचे तर पैसेच कापले जातात. तरी लग्नसराईला, जत्रेला आपण सुट्टी काढतोच. ती या आठवड्यासाठी राखून ठेवा.

ज्यांच्या घरी दिवस भरत आलेत त्यांनी पुढच्या तपासणीला बायकोसोबत दवाखान्यात जा आणि तिथल्या सिस्टरला थेट विचारा की कळांच्या वेळी आम्हाला कुठंपर्यंत थांबू देता. काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये किंवा मेसेजमध्ये विचारा, लाजू नका. सध्या माझी रात्रपाळी चालू आहे, उत्तर सकाळी देईन.