‘एक ओळ टाका, सगळं नवं’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला

शाळांच्या कॉम्प्युटर लॅब सांभाळणाऱ्यांत सध्या एक फॉरवर्ड जालन्यापासून हिंगोलीपर्यंत फिरतोय. त्याचं म्हणणं असं: लॅबमधली डेबियन 12 ही लिनक्स सिस्टिम जुनाट, म्हणून असुरक्षित. सोर्सेस डॉट लिस्टमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरची पॅकेजं कुठल्या भांडारातून आणायची त्या यादीत, ट्रिक्सीची, म्हणजे डेबियन 13 ची, एक ओळ टाका आणि हवं तेवढंच नवं घ्या, बाकी मशीनला धक्का लागत नाही. नाही पटलं तर ओळ पुसा. बॅकपोर्ट म्हणजे हेच, फक्त नाव भारी. भाच्यानं तो पाठवून विचारलं, ‘मामा, मारू का?’ नको मारू बाबा.

‘धक्का लागत नाही’ हे धादांत खोटं आहे. पॅकेजं आणून बसवणारं एपीटी 12 आणि 13 च्या दोन्ही भांडारांना सारखाच अग्रक्रम देतं, 500. तो सारखा असला की मोठा आवृत्ती क्रमांक जिंकतो. म्हणजे पुढच्या ‘अपग्रेड’ला तुम्ही न मागितलेली शेकडो पॅकेजं 13 मधून उतरायला लागतात. ‘मी पिन लावून (अग्रक्रम हातानं ठरवून) एकच घेतो’ म्हणणारे हुशारही सुटत नाहीत. 12 मध्ये ग्लिबसी, म्हणजे जवळपास प्रत्येक प्रोग्राम वापरतो ती सी लायब्ररी, 2.36 आहे, 13 मध्ये 2.41. अक्षरांतून आकडा काढायला स्ट्रटॉल वापरणारा साधा सी प्रोग्राम 13 वर बांधला (कंपाइल केला), की तो पुष्कळदा किमान ग्लिबसी 2.38 मागतो, कारण त्या आवृत्तीत या फंक्शनला आतून नवं नाव मिळालं. मग एपीटी नवी ग्लिबसी ओढून आणतं, आणि मशीनमधलं जवळपास सगळं ज्यावर उभं आहे तेच बदलतं. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचंही तेच. 12 मध्ये 3.11, 13 मध्ये 3.13. तो आला की 3.11 साठी बांधलेली मॉड्यूलं काढून टाकायची लांबलचक यादी समोर येते, आणि ती न वाचता ‘वाय’ दाबणारेच जास्त. त्यात मधेच लाईट गेली (आपल्याकडे जाणारच) तर अर्धी पॅकेजं उलगडलेली, अर्धी बसवायची राहिलेली. एपीटीच्या हाताखाली पॅकेज बसवणाऱ्या ‘डीपीकेजी’ला ‘कॉन्फिगर’ आणि ‘ए’ हे पर्याय देऊन कधी सावरतं, कधी नाही.

हे माझं मत नाही. डेबियनच्या विकीवर ‘डोन्ट ब्रेक डेबियन’ नावाचं पानच आहे, आणि अशा भेसळीला तिथं ‘फ्रँकेनडेबियन’ म्हटलंय. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं ते पाच मिनिटं वाचलं असतं तर हा ताप वाचला असता.

ओळ पुसून काय होतं? पुढची आवक थांबते. आलेलं परत जात नाही. डेबियन मागे जाण्याला, म्हणजे डाउनग्रेडला, पाठिंबा देत नाही. पॅकेजांमधल्या स्क्रिप्ट पुढं जाण्यासाठी लिहिलेल्या असतात.

आता बॅकपोर्ट. मोसंबीचा डोळा आपल्या जमिनीत रुजलेल्या जंबेरीच्या खुंटावर भरतात, तसं हे काम आहे. नव्या आवृत्तीचा सोर्स घेऊन तो 12 वर, 12 च्याच ग्लिबसीशी बांधतात. बुकवर्म हे 12 चंच नाव. बुकवर्म-बॅकपोर्ट्स या भांडाराचा अग्रक्रम 100, म्हणून ‘टी’ पर्यायापुढं त्याचं नाव देऊन मागितल्याशिवाय त्यातलं काही नव्यानं येत नाही. आवृत्तीच्या शेवटी तरंगचिन्ह (~) आणि ‘बीपीओ12’ असतं. त्या चिन्हामुळं ती मूळ 13 च्या पॅकेजपेक्षा लहान धरली जाते आणि पुढं 13 वर गेलात की मूळ पॅकेज आपसूक तिची जागा घेतं. भांडारात नसेल तर स्वतः बांधता येतं: फक्त सोर्सची, डेब-एसआरसी, ओळ टाकायची, ‘बिल्ड-डेप’नं लागणारं सामान आणायचं, ‘डीसीएच’च्या ‘बीपीओ’ पर्यायानं क्रमांक बदलायचा, मग ‘डीपीकेजी-बिल्डपॅकेज’. सामानाचंच सामान नवं लागायला लागलं की तिथंच सोडून द्या. क्यूटी (खिडक्या-बटणं काढायची भलीमोठी लायब्ररी) मागितलं तर लगेच.

‘जुनं म्हणजे भोकं’ याला एकच उत्तर पुरे. जुलै 2024 मध्ये दुरून मशीनवर लॉगिन करायच्या ओपनएसएसएचमधला ‘रिग्रेशन’ हा दोष उघड झाला. मूळ प्रकल्पानं 9.8 काढली. डेबियन 12 नं 9.2 च ठेवून तेवढीच दुरुस्ती आत घातली, शेवटी ‘डेब12यू3’ लावून. नुसता 9.2 बघून घाबरणाऱ्याला शेपटी वाचता येत नाही, एवढंच.

एक कबूल करावं लागेल. नव्या लॅपटॉपचं वायफाय 12 च्या 6.1 कर्नलवर (सिस्टिमच्या गाभ्यावर) कधी कधी चालत नाही. तिथं बॅकपोर्ट्समधला नवा कर्नल आणि त्याबरोबरचं फर्मवेअर घ्या, बाकी तसंच राहू द्या. हेही लक्षात ठेवा, की बॅकपोर्ट्सवर डेबियनच्या सुरक्षा पथकाची नजर नसते, म्हणून लागेल तेवढंच घ्यायचं.

ज्यांनी ओळ टाकून अपग्रेड मारलंच आहे, त्यांनी आधी ग्लिबसी बघा. 2.36 असेल तर ओळ काढा आणि 13 चं आणखी काय आलंय ते शोधा. 2.41 झाली असेल तर मागं फिरू नका. डेटा पेन ड्राइव्हवर घ्या, इन्व्हर्टर लावा आणि पूर्ण 13 वर जा. त्याआधी ‘यूनेम’ला ‘एम’ पर्याय देऊन बघा. उत्तर ‘आय686’ आलं, म्हणजे सिस्टिम 32 बिटची असली, तर 13 मध्ये त्यासाठी कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. प्रोसेसर 64 बिटचा असेल तर 13 कोरं टाका, नसेल तर 12 च पुन्हा.