शंभरीपलीकडची चार युनिटं

लाईट बिलाची रचना ज्यानं केली त्याला माणसाचा स्वभाव पुरता ठाऊक असावा. १०० युनिटांपर्यंत एक दर आणि १०१ व्या युनिटापासून पुढं चांगलाच चढा. त्यामुळं बिलावर १०४ आकडा आला की पहिल्या शंभराबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. वरची चार कुणी जाळली एवढाच खटला उभा राहतो. आमच्या घरी आरोपी ठरला टीव्ही आणि तपास अधिकारी मी.

हिशेब सोपा. वॉट गुणिले तास, भागिले हजार, की आलं युनिट. वॉट टीव्हीच्या पाठीवर छापलेले असतात, पण टीव्हीची पाठ असते भिंतीकडं. फटीत मोबाईल घालून फोटो काढला तर जळमटं आणि १०५ हा आकडा मिळाला. तो मात्र जास्तीत जास्त किती खाईल याचा. रोज किती खातो ते मीटरलाच विचारायला हवं.

आमच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. म्हणजे दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे आणि ११२५ ला त्यानं भागायचं, वॉट हातात. फक्त घरातलं बाकी सगळं बंद पाहिजे. फ्रीज बंद केल्यावर आई दुधाच्या नावानं ओरडली, पंखा बंद केल्यावर आबा माझ्या नावानं. मी जिन्याखाली मीटरपुढं मोबाईल धरून उकिडवा बसलेलो, तर शेजारचे काका थांबले.

"काय रं, बिल भरलं न्हाईस व्हय? तोडाय येणार हाईत?"

"न्हाई काका, टीव्ही मोजतोय."

"मग हितं काय करतोस? टीव्ही वर हाय न्हवं?"

यावर उत्तर देता देता तीन लुकलुकी हुकल्या.

शेवटी आकडा लागला: दर १५ सेकंदांनी एक, म्हणजे सेट टॉप बॉक्ससकट ७५ वॉट. "आवाज कमी कर, बिल येतंय," हे आईचं आयुष्यभराचं पालुपद होतं. आवाज तिप्पट करून पाहिला, दिव्यावर काही परिणाम नाही. पडद्याचा उजेड उतरवला तेव्हा मात्र दिवा सावकाश झाला. आबांनी तो लगेच पूर्ववत करायला लावला, कारण अंधारात कुस्तीतली पकड दिसत नाही म्हणे.

वॉट मिळाले, तासांनी घाम काढला. प्रत्येकाची जबानी घेतली. आई म्हणाली, "मी कुठं बघतोय? भाकरी थापताना कानावर पडतंय तेवढंच." आबा फक्त बातम्या बघतात. त्याच बातम्या सातला, आठला आणि नऊला बघतात, पण बातम्याच. चिरंजीव म्हणाले, मॅच असली तरच. (२०२२ च्या फुटबॉल वर्ल्डकपला पेठेत मेस्सी आणि नेमारची पोस्टरं लागली होती, आमच्या कोल्हापुरात मॅच नसते कधी?) सगळ्यांचे कबूल केलेले तास जोडले तर दोनसुद्धा भरेनात. मग चौथीतल्या लेकीला वही दिली आणि टीव्ही कधी लागतो, कधी बंद होतो ते लिहायला सांगितलं. पोरीनं इमानेइतबारे लिहिलं. 'आज्जी झोपली, टीव्ही चालू' ही नोंद त्यात वारंवार आढळते. वही वाचल्यावर आई नातीशी दिवसभर बोलली नाही.

वहीप्रमाणं दिवसाला सहा तास. अडीच आबांचे, दोन आईचे, दीड चिरंजीवाचे. महिन्याला आबांची साडेपाच युनिटं, आईची साडेचार, पोराची साडेतीनच्या आत. मी निकाल वाचणार, एवढ्यात एक शंका आली म्हणून रिमोटनं टीव्ही बंद करून पुन्हा जिन्याखाली गेलो. दिवा लुकलुकायला नको होता. शंभर सेकंदांनी लुकलुकला. अकरा वॉट! टीव्ही झोपलेला, पण सेट टॉप बॉक्स टक्क जागा. उरलेले अठरा तास कुणी बघत नसताना तो अकरा वॉटनं वाट बघत बसतो, आणि त्याची होतात महिन्याला सहा युनिटं. आमच्या घरात सगळ्यात जास्त टीव्ही कुणीच बघत नाही, असा निकाल लागला.

"मग त्या कुणीच न्हाईला सांग की बिल भराय," आई म्हणाली. ती निर्दोष सुटल्यामुळं आता खुशीत होती.

रात्री बॉक्सचं बटण भिंतीवरून बंद करायचं ठरलं. पण बंद केलेला बॉक्स पहाटे जागा व्हायला बराच वेळ घेतो, पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहतं, आणि आबांना उठल्या उठल्या बातम्या लागतात. त्यांनी त्यावर तोडगा काढलाय. पाचला उठून बॉक्स लावतात, चॅनेल नीट लागलंय का कळावं म्हणून टीव्हीही लावतात, आणि मग दोन्ही चालू ठेवून तासभर रंकाळ्यावर फिरायला जातात.